लटारूचा नातू सहस्रचंद्रदर्शन

माझं नाव लटारू. कुरखेड्याकडच्या आमच्या गावांत या नावाची माणसं अजून सापडतात, पण सगळी म्हातारी. या नावाचा अर्थ कोणी विचारत नाही. ऐकताच कळतं की हे कौतुकानं ठेवलेलं नाव नाही.

माझ्या आधी आईची दोन मुलं गेली होती. एकाचं नाव रामचंद्र, दुसऱ्याचं लक्ष्मण. मी झालो तेव्हा शेजारच्या बाईनं मला सुपात घातलं आणि खताच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. थोड्या वेळानं तिनंच उचलून परत आणलं. मग आईनं तिला मूठभर कोंडा दिला आणि मला तिच्याकडून विकत घेतलं. टाकून दिलेलं, कोंड्याच्या मोलाचं लेकरू मरणाला कशाला हवं, असा त्यामागचा विचार. त्या विचाराला शोभेल असं नाव मला मिळालं, आणि मी जगलो. माझी बायको वच्छला हे सगळं माझ्या आईच्या तोंडून ऐकून होती, आणि तिचा त्यावर पक्का विश्वास होता.

म्हणून प्रफुलला मुलगा झाला, तेव्हा तिनं कोणाला न विचारता नाव ठरवून टाकलं.

प्रफुल आमचा उशिरा झालेला मुलगा. ट्रॅक्टर चालवतो, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की भोंगा लावलेल्या गाडीतून गावोगाव नाटकाची जाहिरात करत फिरतो. त्याची बायको दिव्यानी ब्रम्हपुरीची, कॉलेज शिकलेली. त्यांचं पहिलं लेकरू, मुलगी, गेल्या वर्षी बारशाच्या आधीच गेली. चांगली दूध पीत होती. एका सकाळी अंग तापलं आणि संध्याकाळी दवाखान्याच्या वाटेवरच तिनं मान टाकली. गावाबाहेरच्या मोहाखाली आम्ही तिला ठेवून आलो.

या वेळचा मुलगा गडचिरोलीच्या दवाखान्यात झाला. नुकतंच धान चुरून घरात आलं होतं, अंगणात तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता. दिव्यानी लेकरू घेऊन घरी आली त्या दिवशी वच्छलानं दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, लेकराला बाजेवर ठेवलं आणि म्हणाली, "या माह्या कचरूले नजर नको लागू."

दिव्यानीनं मान वर केली. "कचरू कोन, आई?"

"कोन म्हंजे? हा. याले कचरू म्हनाचं."

"याचं नाव ठरलं हाये."

"कोनं ठरवलं?"

"मी." दिव्यानी लेकराची दुपटी सारखी करत होती. "सहस्रचंद्रदर्शन."

पाण्याचा गुंड घेऊन आत चाललेला प्रफुल तिथंच उभा राहिला.

"हे नाव हाये का नाटक हाये?" तो म्हणाला. "माह्या भोंग्यातून म्हनलं तं गाडी एका गावातून दुसऱ्या गावात जाईस्तोवर पुरते हे."

"पुरू द्या."

"अवं, शाळेत हजेरी घेता घेता मास्तरची सुट्टी होऊन जाईन."

"होऊ द्या सुट्टी."

आमचा शेजारी सोमाजी तेवढ्यात लेकरू पाहायला आला होता. तो हसत हसत पायरीवर बसला. "बाई, आपल्या गावात प्रफुलचा पफल्या होते. एवढ्या नावाचं काय होईन? अन् हाक मारीन तं, हाक पुरी होईस्तोवर पोट्टा धुरा ओलांडून पल्याडच्या धानाच्या बांधीत जाईन."

मी अक्षरं उशिरा शिकलो. प्रफुल चौथीत होता तेव्हा गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, त्यात मी बसलो. तेव्हापासून नवा शब्द आला की मी तो आधी तोंडात मोडून पाहतो. हा शब्द काही माझ्या तोंडात मोडेना. मी विचारलं, "बाई, याचा अर्थ काय होते?"

दिव्यानीनं सांगितलं. ती कॉलेजात असताना एका मॅडमच्या घरी कार्यक्रम होता. मॅडमच्या वडिलांना पाटावर बसवलं होतं, बायका त्यांना ओवाळत होत्या. माणूस ऐंशीच्या पुढे गेला की त्यानं हजार पुनवा पाहिलेल्या असतात, म्हणून हा कार्यक्रम करतात असं तिला कळलं. त्याला म्हणतात सहस्रचंद्रदर्शन.

"मले तवाच वाटलं," ती म्हणाली, "हा आशीर्वाद म्हातारपनी देऊन काय फायदा? पाहून झाल्यावर?"

सोमाजी हसायचा थांबला. वच्छला मात्र उठून उभी राहिली होती.

"मरनाले आयकू जाईन असं नाव ठेवतेस? हजार पुनवा मागतेस तू, अन् तेबी मोठ्यानं? एक गेली न आपली. तोंड दाबून राहावं मानसानं."

"तोंड दाबूनच होतो न आई, मागच्या वेळी." दिव्यानीचा आवाज चढला नव्हता. "बारसं होईस्तोवर नाव काढाचं नाई म्हनलं, मी नाई काढलं. मंग ती गेली. आता मी तिले काय म्हनून आठवू? सगळे म्हनतात, ते लेकरू. ते पहिलं लेकरू. मले याले तसं नाई ठेवाचं. याले नाव पाह्यजे, अन् पुरं पाह्यजे."

वच्छला आत निघून गेली. आतून सूप पाखडण्याचा आवाज येऊ लागला. तिला बोलायचं नसलं की ती पाखडायला बसते. पाखडायला काही नसलं तरी पाखडते.

पुढचे दिवस घरात दोन नावं चालू होती. वच्छला लेकराला तेल लावताना कचरू म्हणायची. दिव्यानी दूध पाजताना अख्खं नाव घ्यायची, एकही अक्षर न गाळता. प्रफुल बाळ म्हणायचा, कारण त्याला आईशी भांडायचं नव्हतं आणि बायकोशीही नाही. मी काहीच म्हणत नव्हतो. पण घरातला मोठा मी, आणि शेवटी दोघींनाही माझ्याच तोंडून हो किंवा नाही ऐकायचं होतं.

बारशाच्या पाच दिवस आधी वच्छलानं विषय काढला. आम्ही दोघंच अंगणात होतो. ती बारशाला लागणारे तांदूळ पाखडत होती, मी तणस रचत होतो.

"अवो, तुमी सांगा तिले. तुमचं आयकते ते."

"काय सांगू?"

"तुमचंच उदाहरण द्या. लटारू नाव होतं म्हनून वाचले न तुमी? आता ऐंशीच्या घरात आले. त्या मॅडमच्या बापाले पाटावर बसवलं, तसे तुमीबी बसू शकता. कायच्यानं? नावानं."

मी हातातली तणसाची पेंढी खाली ठेवली. वच्छला कढोलीची. लग्न होऊन आली तेव्हा माझं लहानपण होऊन गेलेलं, आणि आमच्या गावच्या जुन्या गोष्टी तिनं माझ्या आईकडूनच ऐकलेल्या. आईनं जे सांगितलं नाही ते तिला कुठून माहीत असणार? आई असेपर्यंत मीही ते बोललो नव्हतो. उकिरड्यावरून उचललेल्या लेकरावर तिचा जीव होता, आणि तो कोंडा तिच्या लेखी फुकट गेलेला नव्हता. नंतर मग कोणी विचारलंच नाही.

"वच्छला," मी म्हणालो, "आमच्या आळीत लटारू तीन होते."

तिचं सूप चालूच होतं.

"एक मी. एक कुंभाराचा. एक विहिरीजवळच्या भैयाजीचा. तिघंबी असेच उकिरड्यावर ठेवलेले, असेच कोंडा देऊन घेतलेले. लटारू म्हनून हाक आली की आमी तिघंबी वळून पाहाचो. लोकं हसत. मंग एका सालात देवी आल्या. गावात लई लेकरं गेली. आंग भरून आलं तं मलेबी आलं होतं, हे पाह्य, गालावर देवीचे वन हायेत. मी उठलो. ते दोघं नाई उठले."

सूप थांबलं.

"त्याच्यानंतर हाक आली की एकटा मीच वळाचो. नाव तं तिघांचं एकच होतं."

वच्छलानं तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुमच्या आईनं मले हे नाई सांगतलं."

"तिले ते सांगाचं नसन."

"मंग तुमी कायच्यानं वाचले?"

"मले नाई मालूम."

तिनं पुन्हा सूप उचललं. पण त्या संध्याकाळी लेकराला तेल लावताना तिनं कचरू म्हटलं नाही. नुसतंच, अरे माह्या, अरे माह्या, असं म्हणत राहिली.

मी दिव्यानीला सांगितलं, तुझं नाव ठेवू. ती लगेच वाकून पाया पडू लागली. मी म्हणालो, ओली बाळंतीण तू, वाकू नको. मग माझ्यापुढे माझीच अडचण उभी राहिली. घरात आलेलं नाव मला घेता तरी यायला हवं. धान्याच्या मातीच्या कोठीवर मी खडूनं ते लिहिलं, तीन ओळींत. सहस्र. चंद्र. दर्शन. लांब शब्द असाच खायचा असतो, भाकरीसारखा, तोडून तोडून. येता जाता मी कोठीपुढे उभा राहून मोठ्यानं म्हणायचो. वच्छला बाजूला पाखडत असायची. तिचे ओठ हलत होते, पण पाखडताना ती सुपं मोजते, तसं काही चाललं असेल असं मला वाटलं.

बारशाच्या सकाळी माझी मोठी मुलगी रंजीता गडचांदूरहून आली. तिचा नवरा तिकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा, आणि तिनं मोबाइलमधून एक नाव शोधूनही आणलं होतं. दोन अक्षरांचं.

"आजकाल असंच छोटं नाव चालते, वहिनी. तुमचं नाव घेता घेता माहा दम जाईन."

"ताई, तुमचाच मान हाये," दिव्यानी म्हणाली. "पन नाव हेच घ्या."

रंजीतानं माझ्याकडे पाहिलं. मी कोठीकडे बोट दाखवलं. ती कोठीपुढे उभी राहिली, एकदा वाचलं, आणि हसत म्हणाली, "येते मले. त्यात काय?"

दुपारी अंगण बायकांनी भरलं. लाकडी पाळणा सोमाजीकडून आणला होता, त्याला झेंडूच्या माळा बांधल्या. आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याच्या खालून वरून फिरवला. मग लेकराला तसंच फिरवलं. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या म्हणत होत्या. लेकरू या हातातून त्या हातात जाताना टुकूटुकू पाहत होतं. आम्ही पुरुष पडवीत बसलो होतो. दिव्यानी पाळण्याच्या दोरीजवळ बसली होती, नवी साडी, केस घट्ट बांधलेले. ती आमच्याकडे पाहत नव्हती.

आमच्याकडे आत्या पाळण्यावर वाकते, लेकराच्या कानात नाव सांगते, आणि नाव कानात पडलं की मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारतात. नाव दोन-तीन अक्षरांचं, म्हणून आत्या वाकली की हात उचलायचे, हे बायकांच्या अंगवळणी पडलेलं. त्यात सोमाजीची बायको कांता सगळ्यांच्या पुढे. ती धानाच्या रोवणीला सगळ्यात भरभर चालते, तिचा हात तसाच.

रंजीता वाकली. कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "कुर्रर्र... सहस्र..."

आणि तिच्या पाठीत कांताचा बुक्का बसला. मागोमाग सगळ्यांचे बसले. रंजीताला ठसका लागला, तिचं डोकं पाळण्याच्या दांडीला टेकलं, बायका हसू लागल्या, पोरंही हसू लागली. कोणीतरी घुगऱ्यांचं टोपलं पुढे केलं. बारसं उरकलं असं सगळ्यांनी धरलं.

रंजीता खोकत सरळ झाली. "अवं, थांबा न. माहं व्हाचं होतं."

"काय व्हाचं होतं?"

"नाव. अर्धं राह्यलं."

हसणं हळूहळू कमी झालं. कांतानं तोंडावर हात ठेवला. "मले काय मालूम, बाई. आमच्यात तं एवढ्यात होऊन जाते."

"मंग पुन्हा सांगते मी," रंजीता म्हणाली आणि वाकू लागली. पण आळीतली सगळ्यात म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "दोनदा सांगत नाई, पोरी. पाठीत पडलं की नाव पक्कं झालं. जे कानात गेलं तेच नाव."

"सहस्र?" कोणीतरी म्हणालं. "चांगलं हाये की. सोपं हाये."

आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, खरंच चांगलं आहे. मी दिव्यानीकडे पाहिलं. तिनं पाळण्याची दोरी दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचा चेहरा गेल्या वर्षीसारखा झाला होता. ती रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, "नुसतं हजार. हजार काय? तेच राह्यलं."

मला उठून काही बोलता आलं नाही. बायकांच्या कार्यात आम्हा पुरुषांना तोंड नसतं. प्रफुल पडवीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

तेव्हा वच्छला स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. हाताला पीठ होतं. ते तिनं पदराला पुसलं.

"दोनदा नाई सांगत न?" तिनं त्या म्हातारीला विचारलं.

"नाई सांगत."

"बरं. मंग मी दोनदा नाई सांगत. जे राह्यलं तेवढंच सांगते."

"तू आजी हायेस, वच्छला. आत्या नाईस."

"हे पोट्टं मोठं झालं की याच्या पाठीमागे धावाचं कोनाले? मलेच न? मंग मले सांगू द्या."

ती पाळण्यावर वाकली. तिला वाचता येत नाही. मला वाटलं होतं ती अडखळेल. पण ती लेकराच्या कानाशी, सूप वर उचलून खाली आणावं तसं, एकेक तुकडा सावकाश ठेवत गेली. "चंद्र," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "दर्शन."

आणि तशीच वाकून राहिली.

कोणीच हललं नाही.

"मारा न," ती पाळण्यातूनच म्हणाली.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सासू झालेल्या, केस पांढरे झालेल्या बाईच्या पाठीत कोण मारणार? कांतानं तर हात मागे लपवले होते. "भाभी, तुमाले कशी मारू?"

"मघा माह्या पोरीले मारलं तशी मार. पक्कं नाई झालं तं काय करू मी? मारा मले."

शेवटी रंजीता पुढे झाली आणि तिनं आईच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

"हे काय मारनं हाये? तांदूळ झटकून राह्यली का?"

मग मात्र हसू फुटलं आणि बायकांचे हात पडू लागले. आधी बिचकत, मग बारशाला शोभतील असे. वच्छला प्रत्येक बुक्क्याला हूं, हूं म्हणत होती. सगळ्यात शेवटी तिनं मान वळवून दिव्यानीला म्हटलं, "तू नाई मारत?"

दिव्यानीनं दोरी सोडली. ती उठली आणि सासूच्या पाठीवर तिनं हात ठेवला. मारलं नाही. तो तिथंच राहिला.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी वच्छलाला विचारलं, "कधी शिकलीस?"

"तुमी कोठीपुढे बोंबलत होते न रोज. आयकू येत नाई का मले?" मग ती लेकराच्या गालावर काजळाची तीट लावू लागली. तीट म्हणायची तरी कशी, गाल अर्धा काळा झाला. दिव्यानी शेजारीच होती. तिनं पाहिलं आणि लेकराचा दुसरा गाल पुढे केला.

आता तो पोटावर पालथा पडतो. गावानं आपलं काम सुरू केलं आहे. पोरं त्याला हजाऱ्या म्हणतात, मिथुन दुकानवाला चंद्र्या म्हणतो. पण आमच्या दारावरून जाणाऱ्याची सुटका नाही.

परवा सोमाजी चहाला आला. पायरीवर बसत म्हणाला, "काय म्हन्ते बाप्पा तुमचा सहस्र?"

वच्छलानं कपबशी त्याच्यापुढे नेली आणि हातातच धरून ठेवली. "पुरं म्हना, भाऊ."

"अवं बाई, पुरं म्हनेस्तोवर चहा थंडा होईन माहा."

"होऊ द्या. दुसरा मांडीन. अर्धं नाव घेतलं तं अर्धीच उमर होते. मले अर्धी नाई पाह्यजे."

सोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही त्याच्या मदतीला गेलो नाही. त्यानं टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि कोठीवरच्या खडूकडे पाहत सुरू केलं. सहस्र. मग थांबला. चंद्र. तिथं पुन्हा दम घेतला. चटईवर पालथं पडलेलं पोरगं मान वर करून आपलं नाव पुरं होण्याची वाट पाहत असल्यासारखं त्याच्या तोंडाकडे पाहत होतं.

"दर्शन," सोमाजी म्हणाला, आणि वच्छलानं कप त्याच्या हातात दिला.